विषयाकडून प्रश्नाकडे : शालेय वाङ्मयीन शोधलेखाचे नियोजन

१

पदव्युत्तर वर्गातील लघुप्रबंधांविषयी मराठीच्या अध्यापकांत जी तक्रार वारंवार ऐकू येते, तिचे स्वरूप आता बहुतेक ठरून गेले आहे. विद्यार्थी विषय घेऊन येतो, प्रश्न घेऊन येत नाही. लेखकाचे चरित्र, कालखंडाची पार्श्वभूमी, साहित्यकृतींचे सारांश आणि मान्यवर समीक्षकांची अवतरणे अशी चार प्रकरणे तो भरून काढतो. पाचव्या प्रकरणात ज्याला 'निष्कर्ष' असे म्हटलेले असते, तो पहिल्या प्रकरणाच्या आधीच ठरलेला असतो. 'अमुक लेखकाच्या साहित्यात ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण आढळते' हे सिद्ध करण्यासाठी दोनशे पृष्ठे खर्ची पडावीत आणि ती वाचून परीक्षकाच्या ज्ञानात काहीही भर पडू नये, हा अनुभव अपवादात्मक राहिलेला नाही.

तक्रार खरी आहे. परंतु ती करताना आपण बोट दाखवतो ते शिक्षणाच्या शेवटच्या पायरीकडे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अनुषंगाने महाराष्ट्रातील विद्यापीठांनी २०२३-२४ पासून जे पदव्युत्तर अभ्यासक्रम लागू केले, त्यांत पहिल्या वर्षी संशोधनपद्धती आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प यांना स्थान मिळाले. हे स्वागतार्हच आहे. तथापि या व्यवस्थेत गृहीत असे धरले गेले आहे की, एकविसाव्या-बाविसाव्या वर्षापर्यंत ज्याला स्वतःचा प्रश्न मांडण्याची संधी एकदाही मिळालेली नाही, त्याला एका सत्रात संशोधनाची पद्धती शिकवता येईल. गृहीतक, साधने, संदर्भसूची या संज्ञा त्याला पाठ होतात. ज्या कुतूहलातून त्या संज्ञांची गरज निर्माण होते, त्या कुतूहलाची सवय मात्र त्याला कधी लागलेलीच नसते.

माध्यमिक स्तरावर प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एक छोटा वाङ्मयीन शोधलेख लिहावा. आणि त्या लेखाचे मूल्यमापन सजवलेल्या वहीवरून न करता प्रश्न कसा ठरला, पुरावा कसा जमवला आणि वाचताना मत कोठे बदलले यांवरून करावे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. अशा उपक्रमाची कल्पना पुण्या-मुंबईच्या जुन्या, ग्रंथसंपन्न शाळांपुरतीच व्यवहार्य आहे, असा एक समज आढळतो. म्हणून येथे मुद्दाम रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील तळोजा परिसराचे उदाहरण घेतले आहे. जुनी गावठाणे, औद्योगिक वसाहत आणि सिडकोच्या नव्या इमारती ज्या परिसरात एकमेकींना खेटून उभ्या आहेत, तेथील नववीच्या मुलामुलींना हे साधणारे असेल, तर ते इतरत्रही साधण्यास हरकत नसावी.

२

प्रथम शालेय स्तरावर आज काय घडते ते पाहणे आवश्यक आहे. कुमारभारतीच्या अभ्यासात कवितेचे रसग्रहण आहे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये ही त्याची तीन अंगे विद्यार्थ्यांच्या परिचयाची असतात. या विभागणीत मूलतः दोष काढण्यासारखे काही नाही. नवशिक्या वाचकाचे लक्ष कवितेच्या निरनिराळ्या अंगांकडे वळवण्यास ती उपयुक्तच आहे. अडचण उद्भवते ती या अंगांचे रकान्यांत रूपांतर झाल्यानंतर. 'कवीने साध्या, सोप्या व ओघवत्या भाषेत आशय व्यक्त केला आहे' हे वाक्य कोणत्याही कवितेखाली लिहिता येते, आणि परीक्षेत ते लिहिलेही जाते. जे वाक्य शंभर कवितांना सारखेच लागू पडते, ते त्यांपैकी एकाही कवितेविषयी काही सांगत नाही, हे विद्यार्थ्याच्या लक्षात आणून देण्याची संधी वेळापत्रकात नसते.

हा दोष केवळ आपल्याकडचाच, असे मानण्याचे कारण नाही. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिज येथील विद्यार्थ्यांच्या हाती कवींची नावे वगळून कविता दिल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय जमवले. त्या अभिप्रायांचे विश्लेषण त्यांनी १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात प्रसिद्ध केले. उत्तम शिक्षण घेतलेले वाचकही समोरच्या शब्दांऐवजी मनात आधीपासून तयार असलेल्या प्रतिक्रियाच कवितेवर लादतात, हे त्यातून दिसून आले. ठोकळेबाज प्रतिसाद ही वाचकाची स्वाभाविक प्रवृत्ती आहे, आणि तिच्यावर उपाय म्हणजे शब्दांकडे पुन्हा पुन्हा वळण्याची शिस्त, हा त्या प्रयोगाचा बोध आजही विसरण्याजोगा नाही.

रसग्रहणाच्या जोडीला शाळेत 'प्रकल्प' असतो. 'माझा आवडता कवी', 'संतांची कामगिरी', 'मराठी साहित्यातील स्त्रिया' अशा शीर्षकांखाली जन्म, शिक्षण, ग्रंथसंपदा, पुरस्कार ही माहिती उतरवून काढली जाते. तिला छायाचित्रे व रंगीत कडा लागतात आणि गुण मिळतात. या कामात श्रम नाहीत असे नाही. परंतु ते श्रम संकलनाचे आहेत. माहिती जमवणे आणि शोध घेणे यांतील फरक येथे पुसला जातो आणि पुढे दहा वर्षांनी लघुप्रबंधात तो पुसलेलाच राहतो.

अंतर्गत मूल्यमापनाचा अलीकडचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. २०१८-१९ या शैक्षणिक वर्षी राज्य मंडळाने दहावीच्या भाषाविषयांतील २० अंतर्गत गुण काढून टाकले. २०१९ च्या परीक्षेत उत्तीर्णांचे प्रमाण ७७.१० टक्के इतके आले. आदल्या वर्षी ते ८९.४१ टक्के होते. बरीच चर्चा झाली, आणि २०१९-२० पासून ते २० गुण पुन्हा देण्यात आले. या सबंध चर्चेत गुण असावेत की नसावेत, निकाल का घसरला, इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांशी स्पर्धेत आपली मुले मागे पडतील काय, हे मुद्दे हिरिरीने मांडले गेले. या २० गुणांच्या मोबदल्यात विद्यार्थ्याने भाषेचे नेमके कोणते काम करावे, हा मुद्दा मात्र दुय्यमच राहिला. शोधलेखाची सूचना ही या रिकाम्या जागेसाठी आहे. त्यासाठी नवा विषय नको, नवी परीक्षा नको. असलेल्या गुणांना आशय मात्र हवा.

३

शालेय शोधलेखाची व्याख्या साधी ठेवणे इष्ट होय. एक लहान पाठ्य, त्याविषयीचा एक प्रश्न, त्या प्रश्नाचे पाठ्यातील शब्दांच्या आधारे दिलेले उत्तर आणि ते उत्तर पारखण्यासाठी वापरलेली दोन-तीन बाह्य साधने, एवढे त्यात असले म्हणजे पुरे. विस्तार बाराशे ते दीड हजार शब्द. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या अभ्यासक्रमात शेवटच्या दोन वर्षांत विद्यार्थ्याला कमाल ४००० शब्दांचा दीर्घ निबंध लिहावा लागतो आणि त्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक नेमलेला असतो. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात ते प्रमाण आणणे अशक्य आहे. परंतु त्या निबंधाचा आरंभ ज्या एका नियमाने होतो, तो नियम उसना घेण्यास काही खर्च येत नाही : शीर्षकात प्रश्न असला पाहिजे.

विषय आणि प्रश्न यांतील अंतर एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बहिणाबाई चौधरी यांच्या रचना १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्या मौखिक होत्या आणि सोपानदेवांनी व इतर आप्तांनी त्या टिपून ठेवल्या होत्या, हे शाळेतही सांगितले जाते. 'बहिणाबाईंच्या कवितेतील निसर्ग' हा विषय झाला. त्यावर विद्यार्थी जे लिहील, ते बहुधा पूर्वीच कोणीतरी लिहिलेले असेल. 'बहिणाबाईंच्या निवडक तीन कवितांत घरकामाची व शेतीची साधने केवळ वर्णनासाठी येतात की त्यांच्या आधाराने विचार मांडला जातो?' हा प्रश्न झाला. त्याचे उत्तर देण्यासाठी त्या तीन कविता तीनतीनदा वाचाव्याच लागतील. शब्द खुणावून ठेवावे लागतील. आणि एखाद्या कवितेपुरते 'नाही' असेही म्हणावे लागेल. ज्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे येऊ शकते, तोच खरा प्रश्न, ही कसोटी नववीच्या मुलालाही समजते.

४

आता तळोज्याकडे वळावे. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर पनवेल-उरण पट्ट्यातील भातशेती व मिठागरे नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पाच जणांनी प्राण गमावले. तळोज्यास औद्योगिक वसाहत आली. २०१६ साली पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर ही मेट्रो धावू लागली. या सर्व घडामोडींत येथील आगरी, कोळी व कराडी वस्तीचे अर्थकारण बदलले, त्याचबरोबर तिच्या बोलीचे आणि गाण्याचे स्थानही बदलले. शाळेत जी मराठी शिकवली जाते ती पाठ्यपुस्तकाची. घरी जी बोलली जाते ती आगरी. या दोहोंचा एकमेकींशी काही वाङ्मयीन संबंध असू शकेल, अशी सूचना विद्यार्थ्याला क्वचितच मिळते.

असा संबंध शोधण्यासाठी एक साहित्यप्रकार येथे हाताशी आहे. आगरी समाजाच्या लग्नविधींत धवलारीण जी गीते गाते त्यांना धवले म्हणतात. मांडव, हळद अशा त्या त्या विधीला त्याचा त्याचा धवला असतो, आणि धवलारणीच्या गाण्यावाचून विधी पुरा झाला असे पूर्वी मानले जात नसे. म्हणजे ही केवळ करमणुकीची गाणी नव्हेत. विधी पुढे नेण्याचे कार्य ती करतात आणि ते कार्य एका स्त्रीच्या वाणीने होते. दुसऱ्या बाजूस मराठी वाङ्मयेतिहासाच्या आरंभीच्या प्रकरणांत महदंबेचे 'धवळे' आहेत. तेराव्या शतकात, महानुभाव पंथात, रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या लग्नाच्या प्रसंगी महदंबेने कृष्ण-रुक्मिणीविवाहावर ही गीते रचिली, आणि त्यांमुळे तिला आद्य मराठी कवयित्रीचा मान दिला जातो. पदवीच्या वर्गात हे 'धवळे' शिकवताना 'धवळे म्हणजे विवाहप्रसंगी गावयाची गीते' असा खुलासा अध्यापक करतात आणि पुढे जातात. तळोज्याच्या वर्गात बसलेल्या एखाद्या मुलीने तसली गीते आजीच्या तोंडून ऐकलेली असतात. शाळेतील सात-आठ वर्षांत तिला कोणी त्यांविषयी विचारलेले नसते.

येथे एका मोहापासून सावध राहणे अगत्याचे आहे. 'धवला' आणि 'धवळे' हे शब्द जुळतात, दोन्ही विवाहगीते आहेत, तस्मात् आगरी धवले हे महदंबेच्या परंपरेतून आले, असा निष्कर्ष विद्यार्थी काढील आणि त्याच्या पालकांना व शिक्षकांनाही तो आवडेल. पुराव्याने तो सिद्ध होत नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने त्याच शतकात रचलेल्या 'संगीतरत्नाकरा'त 'धवल' नावाचा प्रबंधप्रकार येतो. गुजराती परंपरेतही 'धवळ' वा 'धोळ' या नावाची गीते आहेत. तेव्हा हा शब्द महदंबेच्या आधीपासून आणि मराठीच्या सीमेपलीकडेही वावरत असला पाहिजे. दोन गोष्टींना समान नाव असणे हे शोधाचे निमित्त ठरू शकते, वंशावळीचा दाखला ठरत नाही. हा भेद चौदाव्या वर्षी एकदा पटला तर तो विद्यार्थी पुढे लघुप्रबंधात 'प्रभाव' हा शब्द जपून वापरील.

म्हणून प्रश्न लहान करावा लागतो. 'आगरी धवल्यांचा अभ्यास' हा पीएच.डी.चा विषय आहे. 'धवल्यांचा उगम' हा भल्या अभ्यासकालाही न पेलणारा विषय आहे. परंतु 'हळदीच्या वेळी गायिलेल्या एका धवल्यात बोलणारे कोण आहे, आणि ते कोणाला उद्देशून बोलते?' हा नववीचा प्रश्न होऊ शकतो. धवलारीण स्वतः बोलते, वधूची आई बोलते की सगळ्या बाया मिळून बोलतात. वधूला संबोधले जाते की देवाला. मध्येच बोलणारा बदलतो काय. हे शब्दांवरून, सर्वनामांवरून आणि क्रियापदांच्या रूपांवरून ठरवावयाचे आहे. उत्साही विद्यार्थ्याने त्याच दृष्टीने महदंबेच्या धवळ्यांतील एखादा छोटा भाग शिक्षकाच्या मदतीने वाचावा आणि साम्याइतकाच भेदही नोंदवावा. निवेदक, संबोधन, संबोधित या ज्या संकल्पना पदव्युत्तर वर्गात परिभाषा म्हणून शिकवल्या जातात, त्या येथे गरजेपोटी हाती येतात.

५

प्रश्न ठरल्यावर नियोजन. ते कॅलेंडरला धरून असले पाहिजे. वर्ष नववीचे योग्य; दहावीवर शालान्त परीक्षेचे सावट असते आणि अकरावीचे प्रवेश पुरे होईतो पावसाळा सरत येतो. धवल्यासारखे मौखिक पाठ्य घ्यावयाचे तर काम जूनमध्ये सुरू करून चालणार नाही, कारण लग्नसराई तोपर्यंत संपते. आठवीची परीक्षा आटोपताच, एप्रिलमध्येच, विद्यार्थ्यांना सूचना द्यावी लागेल. सुट्टीत त्यांनी एक तरी विधी लक्षपूर्वक ऐकावा आणि कोण गाते, कोण साथ देते, गाणे केव्हा सुरू होते व केव्हा थांबते, एवढेच टिपावे. ध्वनिमुद्रण करावयाचे असल्यास गाणाऱ्या बाईंची परवानगी आधी घ्यावी. लेखात त्यांचे नाव द्यावयाचे की नाही हेही त्यांनाच विचारावे. मौखिक परंपरेतील गायिका ही 'माहिती देणारी व्यक्ती' नसून त्या पाठाची धनीण आहे, ही जाणीव संशोधननीतीच्या पहिल्या धड्याइतकीच महत्त्वाची आहे.

जून-जुलैमध्ये लेखन. ऐकलेले गाणे कागदावर उतरवताना विद्यार्थ्याची पहिली कसोटी लागते. आगरीत अनेक ठिकाणी 'ळ' चा 'ल' होतो, 'ण' चा 'न' होतो. 'धवळा' हा शब्दच 'धवला' झाला आहे. शाळेने इतकी वर्षे ज्याला 'अशुद्ध' म्हटले, ते येथे जसेच्या तसे लिहावयाचे आहे. मुलाचा हात आपोआप 'पानी' चे 'पाणी' करील. ते करू न देणे आणि का करू नये ते सांगणे हे शिक्षकाचे काम. जो शब्द नीट ऐकू आला नाही त्या ठिकाणी अंदाजाने काही भरू नये, प्रश्नचिन्ह ठेवावे आणि पुन्हा एकदा गाणाऱ्या बाईंकडे जावे. पाठनिश्चितीचे जे शास्त्र हस्तलिखितांच्या संदर्भात आपण शिकवतो, त्याचे मूळ तत्त्व याहून निराळे नाही.

ऑगस्ट-सप्टेंबर वाचनासाठी. साधने मोजकीच असावीत. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मराठी विश्वकोश ही तिन्ही आता संगणकावर पाहता येतात. शब्दाचा अर्थ तीन ठिकाणी पाहून त्यांतील फरक नोंदवणे एवढे एकच काम विद्यार्थ्याला दिले तरी कोश म्हणजे काय ते त्याला कळते. शिवाय पनवेल वा ठाणे येथील सार्वजनिक ग्रंथालयास एक भेट. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे आहे; ग्रंथपालाला आपला प्रश्न दोन वाक्यांत सांगता येणे हा नियोजनाचाच एक भाग मानावा. ज्याला तो सांगता येत नाही, त्याचा प्रश्न अजून ठरलेला नाही.

टिपणे वेगवेगळ्या कागदांवर घ्यावीत. एका कागदावर एकच गोष्ट, वर तिचे स्थळ. मूळचे शब्द अवतरणचिन्हांत, स्वतःचे म्हणणे त्याखाली. या साध्या शिस्तीने वाङ्मयचौर्याचा निम्मा प्रश्न सुटतो. शाळकरी मुलगा दुसऱ्याचे वाक्य उचलतो तेव्हा बहुधा फसवण्याचा हेतू नसतो. ते वाक्य कोणाचे होते हे त्याच्या वहीत कोठेच लिहिलेले नसते.

दिवाळीपूर्वी पहिला मसुदा, त्यावर तोंडी चर्चा, आणि डिसेंबरअखेर अंतिम लेखन. मसुदा व अंतिम लेख या दोहोंच्या मध्ये विद्यार्थ्याने अर्ध्या पानाचे एक टिपण जोडावे : 'आरंभी काय वाटत होते, आता काय वाटते आणि कशामुळे.' २० गुणांची विभागणी याच क्रमाने करता येईल. प्रश्नाच्या मांडणीस ४, टिपणे व पुरावा यांस ६, मसुदा व त्यातील बदल यांस ४, अंतिम लेखनास ४ आणि तोंडी चर्चेस २. अंतिम लेखाच्या वाट्याला पाचवा हिस्साच येतो, ही रचना जाणूनबुजून केली आहे.

६

या सूचनेवर तीन आक्षेप संभवतात आणि तिन्ही विचारात घेण्यासारखे आहेत.

पहिला वेळेचा. वर्गात साठ विद्यार्थी धरले आणि प्रत्येकाशी केवळ दहा मिनिटे चर्चा करावयाची म्हटले, तरी दहा तास लागतात. म्हणजे अर्ध्या तासाच्या वीस तासिका. एकाच शिक्षकाकडे तीन-चार तुकड्या असतील तर हे गणित कोसळते, आणि अध्यापनेतर कामांनी आधीच वाकलेल्या शिक्षकाकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. त्यावर उपाय म्हणजे पाच-पाच जणांचे गट करावेत. गटाचे पाठ्य एक, प्रत्येकाचा प्रश्न वेगळा. एकाच धवल्यात एकाने संबोधन पाहावे, दुसऱ्याने पुनरुक्ती, तिसऱ्याने वस्तूंची व नात्यांची नावे. चर्चा गटाशी करावी. तरीही वेळ लागेल. तो प्रकल्पवह्या तपासण्याच्या वेळातून काढता येतो. त्या तपासणीतून आज फारसे काही निष्पन्न होत नाही, हे शिक्षकही मान्य करतील.

दुसरा आक्षेप समावेशाचा. तळोज्याच्या नव्या वसाहतींतील मुले सगळी आगरी नाहीत. कोणाचे कुटुंब साताऱ्याहून आले आहे, कोणाचे विदर्भातून, तर कोणाची घरची भाषा हिंदी वा अन्य आहे. २०२० च्या अधिनियमान्वये राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाल्यापासून ही संख्या वाढतच जाणार. त्यांच्यावर धवला लादणे चुकीचे ठरेल, आणि त्यांना वगळणे त्याहून चुकीचे. साताऱ्याच्या घरात जात्यावरची ओवी आठवणारी आजी असू शकते. हिंदीभाषक घरातही लग्नगीते असतात आणि मराठीत त्यांचे विवेचन करता येते. ज्याला घरातून काहीच मिळत नाही, त्याने पाठ्यपुस्तकातील एखादी कविता घ्यावी. पद्धती एकच असली म्हणजे पाठ्य निरनिराळे असण्यास प्रत्यवाय नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा तिच्या प्राचीनत्वाचा अभिमान सर्वत्र व्यक्त झाला; परभाषक घरातील मुलाने मराठी पाठ्याविषयी स्वतःचा एक प्रश्न विचारणे हेही त्या दर्जाचे चीज करणारेच होय.

तिसरा आक्षेप नव्या साधनांचा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने दीड हजार शब्दांचा नीटनेटका लेख क्षणार्धात मिळतो, तेव्हा विद्यार्थ्याने तो स्वतः का लिहावा? हा आक्षेप वस्तुतः तयार वहीला गुण देण्याच्या पद्धतीवर आहे. स्टेशनरीच्या दुकानातून आयता प्रकल्प विकत आणण्याची प्रथा या यंत्रांच्या फार पूर्वीची आहे. यंत्राने ती स्वस्त केली, इतकेच. जेथे प्रश्नाची निवड, प्रश्नचिन्हांसह केलेले लिप्यंतर, कोशांतील फरकाच्या नोंदी आणि मत बदलल्याचे टिपण यांना गुण आहेत, तेथे आयत्या लेखाचा उपयोग मर्यादित राहतो. शेजारच्या आळीतील धवलारणीने गेल्या मे महिन्यात कोणता शब्द दोनदा उच्चारला, हे कोणत्याही यंत्राला ठाऊक नसते. आयते टिपणही कोणी बनवून आणील हे खरे. पण दोन मिनिटांच्या तोंडी प्रश्नोत्तरांत ते उघडे पडते.

७

शेवटी हा विषय शालेय शिक्षणाच्या नियतकालिकात न मांडता विद्यापीठीय विभागाच्या पत्रिकेत का मांडावा, याचा खुलासा करणे उचित होईल. शाळेतील मराठीचा शिक्षक हा आपल्याच विभागांचा माजी विद्यार्थी असतो. त्याला आपण साहित्यशास्त्र शिकवले, वाङ्मयेतिहास शिकवला; चौदा वर्षांच्या मुलाचा प्रश्न कसा लहान करावा हे शिकवले नाही. हे अध्यापक महाविद्यालयाचे काम म्हणून सोडून देता येत नाही, कारण प्रश्न लहान करणे ही शिक्षणशास्त्राची युक्ती नसून समीक्षाव्यवहाराचे मर्म आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांना यात तीन गोष्टी तातडीने करता येतील. परिसरातील एक-दोन शाळांशी संबंध जोडून जूनमध्ये तेथील शिक्षकांसोबत प्रश्न ठरवण्याची एक दुपार घालवावी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना क्षेत्रीय प्रकल्पाचे जे श्रेयांक आहेत, त्यांत नववीच्या पाच विद्यार्थ्यांच्या एका गटास साहाय्य करण्याचे काम धरावे. दुसऱ्याचा प्रश्न नेमका करून देताना स्वतःचाही नेमका होतो. आणि जमलेली लिप्यंतरे, गायिकांच्या संमतीने, विभागाच्या ग्रंथालयात जतन करावीत. तळोज्यासारख्या ठिकाणी ध्वनिवर्धकांच्या भिंतींपुढे धवला मागे सरत चालला आहे. तो गाणाऱ्या बायका वृद्ध होत आहेत. मुलांनी उतरवून घेतलेले पाठ सदोष असतील. पण तारीख, स्थळ व शंकास्थळे यांसह जपलेला सदोष पाठ उद्याच्या अभ्यासकाला उपयोगी पडतो. न उतरवलेला पाठ कोणालाच मिळत नाही.

येत्या एप्रिलमध्ये आठवीचे वर्ग सुटतील तेव्हा लग्नसराई सुरू असेल. एखाद्या विभागाने एका शाळेत, एका तुकडीपुरता हा उपक्रम करून पाहावा आणि त्यात काय साधले, काय फसले, याचा तपशीलवार अहवाल प्रसिद्ध करावा. प्रस्तुत सूचनेत कोणती दुरुस्ती हवी ते त्या अहवालावरून ठरवता येईल.